नऊ किलोचं कार्ड

आमच्या इमारतीत तीन मजले, सहा बिऱ्हाडं आणि एकच खरं बोलणारा माणूस. तो म्हणजे काटेवाले भाऊजी. हे मी कौतुकानं सांगत नाही. खरं बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी राहून बघा, म्हणजे कळेल. मी नवा चष्मा घेतला आणि हौसेनं विचारलं, "कसा दिसतो?" तर म्हणाले, "तोंड लहान आहे, काच मोठी आहे." झालं. पुढे दोन दिवस मी चष्मा न लावताच दुकानात बसले आणि एकाच्या दाखल्याची मागची कोरी बाजू झेरॉक्स करून दिली.

तळमजल्यावर माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. शेजारच्या गाळ्यात भाऊजींचं वजनकाटे दुरुस्तीचं वर्कशॉप, आणि बरोबर त्याच्या वर, पहिल्या मजल्यावर, ते आणि वहिनी राहतात. एकतीस वर्षं ते हेच काम करताहेत. किराणावाल्याचे काटे, टपाल कचेरीतले काटे, दवाखान्यातले तान्ह्या बाळांचे काटे. काटा खोलायचा, पुसायचा, खरा करायचा आणि शिशाचा बारीक शिक्का मारून परत द्यायचा. त्यांच्याकडे पितळी वजनांची एक लाकडी पेटी आहे. आत मखमल. त्या वजनांना बोट लावायची कुणाला मुभा नाही, ते स्वतःसुद्धा फडक्यानं उचलतात. "बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं, झेरॉक्सबाई," असं मला त्यांनी पन्नासदा तरी सांगितलं असेल.

त्यांचा तळहात हाही एक काटाच. कागदाचं रीम हातात दिलं की म्हणणार, "दोन किलो तीनशे चाळीस." काट्यावर टाकावं तर तीनशे पस्तीस. मी खूश होऊन टाळी वाजवायच्या आत ते म्हणणार, "कागद वाळलाय."

कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यानं एकदा त्यांना काटा तपासायला बोलावलं होतं आणि जाता जाता म्हणाला होता, "थोडा इकडेतिकडे करा की साहेब, दोनशे ग्रॅम कोण बघतंय." भंगार विकत घेणाऱ्याला काटा कमी दाखवणाराच हवा असतो. भाऊजींनी पाना खिशात घातला, उघडलेला काटा तसाच उघडा ठेवला आणि निघून आले. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ते त्या फुटपाथनं चालत नाहीत. पलीकडून जातात, उन्हातून.

असा हा माणूस. आता यानं आयुष्यात एकच काटा खोटा केला, तो कसा ते सांगते. मला हे सगळं झाल्यावर कळलं, पण इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्हाला उमजायचं नाही.

वहिनी आडव्या बांध्याच्या. हसल्या की आख्खा जिना ऐकतो. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि गुडघ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, वजन उतरवा. वहिनींनी मनावर घेतलं. पहाटे चालणं, जेवण निम्म्यावर, गोड बंद. घरात भाऊजींनी जुन्या भागांतून जुळवलेला तबकडीचा काटा होता, त्यावर रोज सकाळी उभ्या राहायच्या. सुई काही मागे सरकेना. दोन महिने हेच. मग वहिनी निम्म्यावरून पाव जेवणावर आल्या, आणि एके दिवशी स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडल्या. उठवल्यावर रडल्या. "मी कितीही केलं तरी हे मेलं हलतच नाही," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्यावर भाऊजींनी तो काटा खोलला. आतली स्प्रिंग थोडी ताणली, सुई शून्यावरच थांबावी म्हणून एक बारीक खिळी बसवली, आणि बंद केला. एकदम नाही, दर आठवड्याला किलोभर करत; महिन्याभरानं वर काहीही ठेवा, पहिले चार किलो सुईला कळायचेच नाहीत. शिक्का मात्र मारला नाही. मला म्हणाले, "शिक्का मारायला हात उठला नाही."

फक्त चार किलो. पण त्या चार किलोंनी त्या घरात जेवण परत आलं. वहिनी पोटभर जेवायला लागल्या, चालणं चालू ठेवलं, पुढे दोनअडीच किलो खरोखरच उतरले. मी तर म्हणते भाऊजींनी बरं केलं. अजूनही म्हणते. पण माझ्या म्हणण्याला विचारतो कोण.

गेल्या वर्षी वहिनींच्या सोबत मी गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. तिथल्या मुलीनं वजन केलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. वहिनी काट्यावरून उतरल्याच नाहीत. "तुमचा काटा चुकतोय," म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "मागच्याच महिन्यात तपासलाय, काकू." वहिनींचा आवाज चढला. "मला शिकवू नकोस. माझ्या घरचा काटा माझ्या नवऱ्याच्या हातचा आहे. तो चुकत नाही." बाकावर दहाबारा माणसं बसली होती. सगळी बघायला लागली. त्या मुलीचे डोळे भरून आले, मी वहिनींना हाताला धरून बाहेर आणलं. घरी येऊन त्यांनी हे सगळं भाऊजींना रंगवून सांगितलं, मोठ्या अभिमानानं. भाऊजी ताटातलं चिवडत बसले होते. मला तेव्हा वाटलं, बायकोचा भांडखोरपणा ऐकून लाजले असतील. दिव्याखाली अंधार असतो हे माझ्या ध्यानात यायला उशीरच होतो.

आता छटाक. छटाक म्हणजे त्यांचा कुत्रा. पाच वर्षांपूर्वी एका किराणा दुकानात भाऊजी काटा तपासत होते, तेवढ्यात मागच्या गोणींमधून एक पिल्लू घरंगळत आलं आणि थेट पारड्यात जाऊन बसलं. सहाशे चाळीस ग्रॅम. भाऊजींनी आधी वजन वाचलं, मग पिल्लू बघितलं. घरी आणलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, छटाकभर आहे नुसतं." तेच नाव पडलं. त्यांची लेक लांबच्या शहरात नोकरीला, फोनवर आधी आईबाबांची नाही, छटाकची चौकशी करते. एक कान उभा, एक पडका, रंग चहात दूध कमी पडल्यासारखा. माझ्या दुकानात येऊन गरम मशीनला पाठ लावून झोपायचा. लबाड एक नंबरचा. माझा डबा उघडला की त्याला बरोबर जाग यायची.

त्याला पहिली आकडी आली ती या वर्षाच्या सुरुवातीला. वहिनी भांडी पुसत होत्या. छटाक उभ्याउभ्या कोसळला, पाय ताठ झाले, तोंडाला फेस. वहिनींनी घाबरून त्याची जीभ धरायला तोंडात हात घातला. त्याला काय कळतंय त्या वेळी? दात खोल रुतले. वरची किंकाळी ऐकून मी धावले, तोवर कुत्रा शांत होऊन पडला होता आणि वहिनींच्या हातातून रक्त वाहत होतं. भाऊजी दोघांच्या मधे उभे होते. आधी कुणाकडे बघावं ते त्यांना सुचत नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी वहिनींची हजेरी घेतली. तोंडात हात, चमचा, पाणी, काही म्हणता काही घालायचं नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं, दिवा मालवायचा, आणि घड्याळ बघायचं. किती मिनिटं चालली, ते सगळ्यात महत्त्वाचं. मग म्हणाल्या, हे परत येणार. येईल तेव्हा पळापळ करून उपयोग नाही, तयारी आधी पाहिजे. एक पिशवी कायम दाराशी ठेवा. तिच्यात औषध, एक जाड चादर, माझा नंबर, पुलापलीकडच्या प्राण्यांच्या मोठ्या दवाखान्याचा नंबर, कारण रविवारी माझा दवाखाना बंद असतो. आणि एक कार्ड. कुत्र्याचं नाव, वय, वजन, काय झालं, काय औषध चालू आहे. तुम्ही घाबरलात तरी कार्ड घाबरत नाही, असं म्हणाल्या.

आकडी थांबवायचं औषध त्या नळ्यांत भरून देणार होत्या. बिनसुईच्या पिचकाऱ्या, मागच्या बाजूनं द्यायच्या. औषध वजनावर ठरतं. किलोला किती, असा हिशेब. पण डॉक्टरीणबाईंचा काटा बिघडलेला होता. आणि तो दुरुस्तीला कुठे होता? भाऊजींच्याच वर्कशॉपमध्ये. आतला एक भाग बाहेरून यायचा होता, त्याची वाट बघत फळीवर पडला होता.

"मग काय अडलंय?" डॉक्टरीणबाई हसल्या. "काटेवाल्यांचं घर आहे. तुमच्यापेक्षा खात्रीचा काटा या गावात कुठं मिळणार? घरी वजन करा, मला फोनवर सांगा."

भाऊजी दुसऱ्या दिवशी कामाला बाहेर होते. वहिनींनी छटाकला घरच्या काट्यावर बसवलं. सुई नऊवर थांबली. वहिनींनी फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिसायला जास्त वाटतो हो." वहिनी म्हणाल्या, "केस आहेत नुसते." नळ्या भरून आल्या. त्यावर चिठ्ठी, 'छटाक, नऊ किलो'. मग वहिनी कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. मी ते सुबक टाइप केलं, चारी कोपरे गोल कापले, लॅमिनेट केलं. माझ्या हातचं काम आहे, पाण्यात टाकलं तरी अक्षर पुसायचं नाही.

त्या संध्याकाळी भाऊजी दुकानाशी आले. वहिनींनी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"वजन कुठं केलं?" त्यांनी विचारलं.

"कुठं म्हणजे? घरी. तुमच्या काट्यावर."

भाऊजींनी कार्ड वर नेऊन पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. त्यांनी मनाशी काय ठरवलं ते मला नंतर सांगितलं. आठवड्याभरात डॉक्टरीणबाईंच्या काट्याचा भाग येईल, काटा परत देताना छटाकला सोबत न्यायचं, तिथं वजन होईल, तेरा निघेल, नळ्या बदलून मिळतील. 'वाढलं असेल' म्हणता येईल. कुणाला काही सांगायला नको. आठवड्याचा तर प्रश्न. भाग आठवड्यात आला नाही. दोन आठवड्यांतही आला नाही. ते रोज फोन करून त्या पुरवठादाराला फैलावर घेत होते. मी शेजारून ऐकत होते आणि म्हणत होते, एका काट्यासाठी हा माणूस एवढा का जिवाचा आटापिटा करतोय.

एक शब्द बोलायला काय झालं होतं? मी त्यांना तोंडावर विचारलंय हे. ते म्हणाले, "रोज सकाळी बोलायचं ठरवायचो. रोज सकाळी ती काट्यावर उभी राहायची."

बाकी तयारीत मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. दर दोन दिवसांनी सराव. बेल तीनदा वाजली की मी शटर अर्धं ओढून वर धावायचं. वहिनींनी सामान सरकवायचं, दिवा मालवायचा, नळी काढायची. भाऊजींच्या हातात थांबघड्याळ. मग चादरीची झोळी करून एका टोकाला ते, एका टोकाला मी, जिना उतरायचा, समोरच्या बेकरीवाल्यानं व्हॅनचं मागचं दार उघडून उभं राहायचं. कुत्र्याच्या जागी कामाची कॅनव्हासची पिशवी, आत लोखंडी वजनं. पहिल्या दिवशी वहिनीच ती भरत होत्या, "पाच, दोन आणि दोन, नऊ."

"अजून थोडी घालू," भाऊजी म्हणाले. "सरावाला जड असलेलं बरं."

"नऊ म्हणजे नऊ," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता ना, वजनात थोडं आणि फार नसतं."

भाऊजींनी हातातलं वजन खाली ठेवलं. पिशवी नऊचीच राहिली. खरा छटाक शेपूट हलवत त्या पिशवीच्या मागे मागे जिना उतरायचा आणि व्हॅनमध्ये पहिला चढून बसायचा, पावाच्या वासासाठी. चार मिनिटांवरून आम्ही एक मिनिट पन्नासवर आलो. बेकरीवाला म्हणाला, "आता खऱ्या आकडीची काय बिशाद!" त्याच्या तोंडात बोळा कोंबावा असं मला तेव्हाही वाटलं होतं.

कार्ड झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, दुपारी चारच्या सुमारास बेल तीनदा वाजली. मला वाटलं सराव. पण सराव रविवारी नसायचा.

वर गेले तर छटाक जमिनीवर आडवा, चारही पाय वल्ही मारल्यासारखे चाललेले. वहिनींनी स्टूल सरकवलं होतं, पडदा ओढला होता. यावेळी तोंडात हात नाही, आरडाओरड नाही. "दोन मिनिटं," भाऊजी म्हणाले. वहिनींनी नळी दिली, शिकवल्याप्रमाणे. आम्ही वाट बघत बसलो. "चार." थांबेना. "सहा." थांबेना. वहिनींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"नळी पूर्ण गेली?"

"पूर्ण."

"वजन नऊच ना?"

"नऊ. कार्डवर आहे," वहिनी म्हणाल्या.

मी भाऊजींकडे सहज बघितलं. त्यांचे डोळे थांबघड्याळावर होते.

"नऊला तेवढं पुरायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरी नळी आत्ता देऊ नका. जास्त झालं तर श्वास मंदावतो. उचला आणि निघा. फोन चालू ठेवा."

आम्ही चादर धरली. मी माझं टोक उचललं आणि खांदाच निखळतो की काय असं झालं. दारातून बाहेर आलो, पाचसहा पायऱ्या उतरलो, चादर मुठीतून निसटायला लागली.

"भाऊजी, हा पिशवीपेक्षा फार जड लागतोय हो."

"अशा वेळी जीव जड होतो," मागून वहिनी म्हणाल्या.

जिन्याच्या वळणावर भाऊजी थांबले. मला वाटलं त्यांचा पाय घसरला.

"जीव जड होत नाही," ते म्हणाले. "वजन आहे तेवढंच असतं. तेरा किलो आहे तो."

"काय तेरा?"

"तेरा किलो. घरचा काटा चार किलो कमी दाखवतो. मी केलाय तसा. तुझ्यासाठी केला होता."

झोळीत छटाकचे पाय चादरीला धडाधड लागत होते. वहिनी एक पायरी वर उभ्या होत्या, एका हातात फोन, एका हातात पिशवी. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही, भाऊजींना येईल. मग त्यांनी फोन तोंडाशी नेला. "तेरा," म्हणाल्या. "डॉक्टर, वजन तेरा आहे. नऊ नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसरी नळी द्या. आत्ता. आहात तिथंच."

वहिनींनी तिथंच दिली, जिन्याच्या वळणावर, पायरीवर गुडघे टेकून. ज्या गुडघ्यांसाठी हे सगळं रामायण झालं त्याच गुडघ्यांवर. मग व्हॅन. पूल लागायच्या आत पायांचा वेग कमी झाला, पुलावर थांबला. भाऊजींनी घड्याळाचं बटण दाबलं. सव्वीस मिनिटं. दवाखान्यात शिरताना त्यांनी ते कार्ड मागून घेतलं आणि पेननं नऊवर काट मारायला गेले. पेन उमटेना. माझं लॅमिनेशन. ते घासत राहिले, घासत राहिले. शेवटी मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

छटाक वाचला. तीन दिवस तिथं ठेवला होता. घरी आला तो निराळाच. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. टेबलाच्या पायावर आदळायचा, तिथंच उभा राहायचा, वाट सापडेना म्हणून. मागचा डावा पाय ओढायचा. माझ्या दुकानात आणला, मी डबा उघडला, तर नाक वर झालं पण माझ्या उलट दिशेला वळला. मी डबा तसाच बंद केला. मला जेवण जाईना.

भाऊजी डॉक्टरीणबाईंकडे गेले तेव्हा मी सोबत होते. वहिनी आल्या नाहीत. भाऊजी खुर्चीच्या कडेवर बसले. "डॉक्टर, पहिली नळी तेराच्या हिशेबानं भरलेली असती तर आकडी किती मिनिटांत थांबली असती?"

"ते सांगता येत नाही."

"अंदाजे सांगा."

"काही आकड्या पूर्ण औषधालाही दाद देत नाहीत. काही निम्म्यात थांबतात. कदाचित डोळे गेले नसते. कदाचित गेलेच असते."

"चार किलोचा फरक किती, तेवढं नेमकं सांगा मला," भाऊजी म्हणाले. "मी एकोणीस दिवस गप्प होतो. जिन्यापर्यंत आणखी दोन मिनिटं वीस सेकंद गप्प होतो. त्यातलं किती त्याच्या डोळ्यांना लागलं?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "नेमकं काहीच सांगता येत नाही," म्हणाल्या. एकतीस वर्षं ग्रॅमग्रॅमचा जाब घेतलेल्या माणसाला हे उत्तर. मला त्या बाईंचा रागच आला, पण त्या तरी काय करणार.

घरी वहिनी नवऱ्याला वेळेवर वाढत होत्या, कपडे वाळत घालत होत्या. बोलत मात्र नव्हत्या. काही सांगायचं असलं की छटाकला सांगायच्या, "छटाक, चहा झालाय म्हणावं." मी एकदा मधे पडायला गेले. म्हटलं, "वहिनी, अहो, चार किलोंसाठी एवढं? तुम्ही उपाशी राहू नये म्हणून केलं ना त्यांनी."

"चार किलोंचं काय घेऊन बसलीस?" वहिनी कडाडल्या. "मी जाडी आहे हे मला माहीत नाही? घरात आरसा आहे. त्या दवाखान्यात मी बारा माणसांसमोर त्या पोरीला खोटं पाडलं. का? तर माझ्या नवऱ्याचा काटा चुकत नाही. ती पोर रडली. आणि हे त्या रात्री जेवायला बसून ऐकत होते!" मग आवाज खाली आला. "नऊ मी सांगितलं गं डॉक्टरांना. माझ्या तोंडानं सांगितलं. डोळे झाकून सांगितलं."

मी त्यांचा चावलेला हात हातात घेतला. वण अजून लाल होता.

भाऊजींनी घरचा काटा खाली आणला, खिळी काढली, स्प्रिंग बदलली, पितळी वजनं फडक्यानं उचलून एकेक ठेवत तपासला. शिशाचा शिक्का मारला. वर नेऊन नेहमीच्या जागी ठेवला. वहिनींनी त्यावर पाऊल ठेवलं नाही. येताजाता वळसा घालून जायच्या.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता दर आठवड्याला वजन करा, औषध वाढलंय. सोमवारी सकाळी वहिनी छटाकला कडेवर घेऊन जिना उतरल्या. वर्कशॉपचं दार उघडं होतं, फळीवर डॉक्टरीणबाईंचा काटा एव्हाना दुरुस्त होऊन उभा होता. वहिनी समोरून गेल्या. सरळ कोपऱ्यावर, भंगारवाल्याकडे. तेरा किलोचं जनावर आणि ते गुडघे. भंगारवाल्यानं जुनी बादली बाजूला केली, छटाकला काट्यावर बसवलं, आकडा सांगितला. सगळा रस्ता बघत होता. भाऊजी हातात पाना घेऊन दारात उभे होते. याहून मोठी शिक्षा कोर्टानंही दिली नसती.

असे पाच सोमवार गेले. भाऊजी त्या वेळी पाठ करून बसायला लागले.

सहाव्या सोमवारी वहिनी छटाकला घेऊन परतल्या आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. धाप लागली होती. नवं कार्ड माझ्या खणात असतं. लॅमिनेट केलेलं नाही, वजन पेन्सिलीनं लिहायचं. मी पेन्सिल घेतली.

"तेरा किलो दोनशे," वहिनी म्हणाल्या.

शेजारच्या दारातून आवाज आला. भाऊजींनी मान वर केली नव्हती, हातातला स्क्रू फिरवतच होते.

"त्यात दोनशे मिळव. त्याचा काटा कमी दाखवतो."

छटाकनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं, पाय ओढत दोन पावलं गेला, उंबऱ्याला नाक लागलं तसा थांबला. भाऊजी उठले, त्याला उचलून आत घेतलं. वहिनी त्या दाराकडे बघत बसल्या. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा खडखडाट पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

मी पेन्सिल धरून तशीच थांबले होते. "काय लिहू, वहिनी?"

"तेरा चारशे लिही," वहिनी म्हणाल्या.